तेवीस लाखांची वही आणि नऊ लाखांचा फोन

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

आम्ही गोव्यात डिचोली तालुक्यात राहतो. मी निवृत्त शिक्षिका, वय ६२. यजमान बँकेतून निवृत्त झाले आणि २०१८ च्या दसऱ्याला त्यांनी नवी दहा आसनी ट्रॅव्हलर (मिनीबस) घेतली. पुढच्या वर्षी एका वर्कशॉपमधून तिची कॅम्पर व्हॅन करून घेतली: पलंग, ओटा, फ्रिज, पाण्याची टाकी, छपरावर सोलर. कच्छ, हंपी, स्पिती, कन्याकुमारी असं करत ४६ हजार किलोमीटर झाले, गाडीत २७९ रात्री काढल्या. हे सगळं यजमान एका वहीत लिहितात. आता त्यांचे गुडघे गेले, गाडी मांगरात (घराजवळच्या शेडमध्ये) उभी असते. गुढीपाडव्याला विकायला काढली. वहीतली बेरीज २३ लाख २० हजार: ऑन-रोड गाडी १३ लाख २०, आतलं काम ८ लाख ६०, नंतरचे टायर आणि बारीकसारीक १ लाख ४०. यजमान म्हणतात, ‘चार लाख सोडले, १९ च्या खाली नाही.’ पाच महिन्यांत तीन गिऱ्हाइकं. एका दलालाने सव्वासहा लाख सांगितले. बंगळूरच्या एका मुलाने फोनवर नऊ म्हटलं, यजमानांनी फोन ठेवून दिला. बेळगावचं जोडपं आलं, चहा घेतला, गाडी फार आवडली म्हणालं, कागद बघितले आणि गेलं ते गेलंच. आरसीवर, म्हणजे नोंदणीच्या कागदावर, अजून दहा आसनांचीच नोंद आहे. ‘कोण विचारतो?’ असं वर्कशॉपवाला तेव्हा म्हणाला होता. पुण्याचा मुलगा म्हणतो, मिळेल त्या भावात काढा. त्यावरून बापलेक बोलत नाहीत. मला गाडीतलं कळत नाही, घरातलं कळतं. खरी किंमत किती, आणि ती यांना सांगायची कशी?

प्रिय ताई,

तुमच्या पत्रात तीन माणसं तीन किमती घेऊन बसली आहेत. यजमानांकडे वही आहे, दलालाकडे सव्वासहा लाख, आणि तुमच्या चिरंजिवांकडे वैताग. वहीची बाजू सगळ्यात कच्ची आहे असं तुम्ही मनातल्या मनात धरून चालला आहात, म्हणून आधी तिथेच थांबते. वही खोटी नाही. ती तुमचा खर्च सांगते, आणि खर्च खरोखर तेवढा झाला आहे. फक्त घेणारा तुमच्या खर्चाचे पैसे देत नाही. आज तेवढ्या पैशात त्याला दुसरं काय मिळतं, हे तो बघतो. १३ लाख २० हजारांत रस्ता कर होता, पहिल्या वर्षाचा विमा होता, नोंदणी होती. ते पैसे गाडी शोरूमबाहेर पडली त्या दिवशीच गेले, आणि कोणाच्याही गाडीतून ते परत येत नाहीत.

डिचोलीकरांना हे मी निराळं सांगायला नको. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या तेव्हा तालुक्यात दारोदारी टिपर, म्हणजे खनिज वाहणारे ट्रक, उभे राहिले. प्रत्येकाच्या मालकाकडे एक आकडा होता: इतक्याला घेतला, इतकं कर्ज बाकी आहे, म्हणजे इतके तरी यायला हवेत. आज ना उद्या खाण सुरू होईल म्हणून लोक थांबले. मग २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांची नूतनीकरणं रद्द केली आणि पुन्हा तेच. त्या टिपरांच्या हौद्यात उगवलेलं गवत तुम्ही बघितलं असेल. कर्जाचा आकडा गिऱ्हाइकाने कधी विचारला नाही. टायर किती उरलेत, एवढंच त्याने विचारलं.

आता हिशेब. मी मेकॅनिक नाही, पण या सदराच्या निमित्ताने जुन्या गाड्यांची पत्रं बरीच येतात आणि पद्धत एकच असते. गाडीचे दोन भाग करा. एक, नुसती ट्रॅव्हलर, आत काहीही नसलेली. दोन, आतलं काम.

पहिल्या भागाचा भाव शोधणं सोपं आहे आणि ते काम चिरंजिवांना द्या, वैताग सत्कारणी लागेल. २०१८ किंवा २०१९ च्या, साधारण तेवढ्याच लांबीच्या, पन्नास-साठ हजारांच्या आत चाललेल्या ट्रॅव्हलरच्या दहा जाहिराती शोधायच्या: गोवा, बेळगाव, कोल्हापूर, पुणे. सगळ्यात महाग दोन आणि सगळ्यात स्वस्त दोन सोडून द्यायच्या. उरलेल्यांचा मध्य काढायचा आणि त्यातून थोडं आणखी वजा करायचं, कारण जाहिरातीतला आकडा हा मागितलेला असतो, मिळालेला नसतो. जी जाहिरात आठ महिने तशीच आहे ती तर मोजूच नका. तिचा मालक तुमच्या यजमानांचा भाऊबंद आहे.

विम्याच्या कागदावर ‘आयडीव्ही’ म्हणून एक रक्कम असते, विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत. पाच वर्षांपर्यंत ती ठरलेल्या टक्क्यांनी उतरते आणि चार ते पाच वर्षांच्या गाडीला शोरूम किमतीच्या निम्म्यावर येते. पाच वर्षांनंतर ती विमा कंपनी आणि मालक मिळून ठरवतात. तो बाजारभाव नव्हे, चालू गाडी सहसा त्याच्या वर जाते. पण तुमच्या आयडीव्हीत आतलं काम धरलं आहे का, हे मात्र जरूर बघा. नसेल तर इतकी वर्षं तुम्ही पलंग आणि सोलर बिनविम्याचे फिरवत होता.

दुसऱ्या भागाला बाजारभाव नाही आणि सगळं भांडण तिथेच आहे. साडेआठ लाखांचं काम सहा वर्षांनी साडेआठ लाखांचं राहत नाही. मी चौथा हिस्सा धरते, अगदी नीट चालत असेल तर तिसरा. कारण साधं आहे. ओट्याची उंची तुमच्या मापाची आहे, पलंगाची लांबी यजमानांच्या. घेणारी बाई तुमच्याहून उंच असली तर तिला तो ओटा अडचण वाटेल. ज्यांचं मोल टिकतं त्या गोष्टी मोजक्या: सोलरचे पॅनेल, चालू फ्रिज, चांगला पंखा, न गळणारी टाकी. बॅटऱ्या साध्या लेड-ॲसिडच्या असतील आणि २०१९ च्या असतील तर त्या गेल्याच समजा, त्यांचे पैसे उलटे वजा करा. टायरच्या कडेवर एक चार आकडी शिक्का असतो. ‘२३२१’ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. गिऱ्हाईक बसून तो वाचतं. तुम्ही आधी वाचून ठेवा.

समजा नुसत्या ट्रॅव्हलरचा मध्य पावणेसात लाख आला. कामाचे, सगळं नीट चालतं असं धरून, साधारण तीन लाख मिळवा, बॅटऱ्यांचे आणि किरकोळ दुरुस्तीचे पन्नास हजार काढा. सव्वानऊ झाले. जाहिरातीत सव्वादहा लिहा, सव्वानऊ ते साडेनऊला द्या, आणि नऊच्या खाली मान हलवू नका. तुमच्या शोधात पहिला आकडा वेगळा आला तर बाकीचे त्याच्याबरोबर सरकतील, रीत हीच.

बंगळूरच्या त्या मुलाकडे आता परत बघा. गाडी न बघता, फोनवर, त्याने नऊ म्हटले. यजमानांना तो अपमान वाटला. मला तर वाटतं, पाच महिन्यांत तुमच्या गाडीचा अभ्यास केलेला तो एकटाच होता.

दलालाचे सव्वासहा हाही लुटीचा भाव नाही. तो गाडी घेणार, उभी करणार, दुरुस्त करणार, फायद्यावर १८ टक्के जीएसटी भरणार आणि वर आपली मजुरी काढणार. त्याला कॅम्परचं गिऱ्हाईक शोधायचं नाही. तो आतलं सगळं उचकटून आसनं बसवण्याच्या हिशेबाने बोलला, म्हणजे त्याने नुसत्या ट्रॅव्हलरचा भाव सांगितला. त्याच्याकडून तुम्हाला फुकटात एक आकडा मिळाला: तुमची पहिल्या भागाची बेरीज फार चुकलेली नाही. घाई असेल, कोणी दारात यायला नको असेल, तर त्याला देण्यात काही गैर नाही. मुलगा हेच म्हणतो आहे. तुम्हाला घाई दिसत नाही, म्हणून मी त्याच्या बाजूने नाही.

आणि बेळगावचं जोडपं. ताई, ते किमतीवरून गेलं नाही. त्यांनी तर किंमत विचारायच्या आधी कागद बघितले. आरसीवर दहा आसनं आणि आत पलंग, हे बघून ते घाबरले आणि त्यांचं चुकलं नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीत मूलभूत बदल करायचा तर आधी नोंदणी अधिकाऱ्याची परवानगी लागते. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही या बाबतीत कडक भूमिका घेतली. मोटर कॅराव्हॅनसाठी, म्हणजे अशा राहण्याच्या गाड्यांसाठी, एआयएस-१२४ हे वेगळं मानकही आहे. घाटावर एखाद्या नाक्यावर गाडी अडवली, किंवा अपघातानंतर विमा कंपनीने कागद आणि गाडी जुळत नाहीत म्हणून बोट ठेवलं, तर भोगणार नवा मालक. हा धोका तो तुमच्या किमतीतून कापतो किंवा मुकाट्याने निघून जातो.

त्यामुळे किंमत ठरवण्याआधी वर्कशॉपची बिलं घेऊन डिचोलीच्या वाहतूक कार्यालयात जा आणि सरळ विचारा: ही नोंद आता दुरुस्त होईल का, काय काय लागेल? होत असेल तर त्यात जाणारे पैसे आणि खेपा यांचा मोबदला नक्की मिळतो, कारण तुमच्याकडे येणारं गिऱ्हाईकच बदलतं. होत नसेल तर जाहिरातीतच लिहा. आसनं जपून ठेवली असतील तर तीही गाडीबरोबर देऊ म्हणा. त्यावर निम्मी माणसं फोन करणार नाहीत, पण जी करतील ती चहा पिऊन गायब होणार नाहीत.

आता गोव्याचं. गोव्याची गाडी म्हटलं की घाटावरचा माणूस आधी खाली वाकतो. दाराचा खालचा कोपरा बघतो, चाकाच्या कमानीत हात घालतो, पत्र्यावर बोटाने टिचक्या मारतो. पुट्टी असेल तिथला आवाज बद्द येतो. त्याला समुद्राचं मीठ आणि आपला चार महिन्यांचा पाऊस ठाऊक असतो. तुम्ही पत्राबरोबर जाहिरातीची प्रत पाठवली आहे, त्यात पहिला फोटो मोरजीच्या वाळूवर, मागे मावळता सूर्य. सुंदर आहे. तो आजच काढून टाका. तुम्हाला त्यात सुट्टी दिसते, विकत घेणाऱ्याला त्यात गंज दिसतो. शिवाय किनाऱ्यावर गाडी नेणं हा आपल्याकडे गुन्हा आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक केला तरी दंड होतो. त्याऐवजी गाडीच्या पोटाखालचा फोटो टाका. मांगरातला टाका. ‘डिचोलीत, समुद्रापासून आत, कायम छपराखाली’ ही ओळ पंचवीस हजारांची आहे. सर्व्हिसची बिलं आणि ती वही, दोन्हींचा फोटो टाका. वहीची किंमत इथे आहे बघा! मालकाने तेलपाण्याची प्रत्येक तारीख लिहून ठेवलेली गाडी मी तरी क्वचित बघितली आहे.

आणि वास. पाऊसभर बंद राहिलेल्या गाडीचं दार उघडलं की कुबट भपका येतो, आणि माणूस आत पाय ठेवायच्या आधीच मनातल्या मनात पन्नास हजार कमी करतो. गाद्या बाहेर काढा, उन्हाची तिरीप मिळेल तेव्हा दारं खिडक्या उघडा, प्लायवूडच्या मागच्या बाजूला बुरशीचे ठिपके आहेत का ते टॉर्च घेऊन बघा. पावसाने फुगून अडकणारा एखादा खण असेल (असतोच) तर तो सुताराकडून तासून घ्या. हे दोन हजारांचं काम आहे. नवा रंग, नव्या बॅटऱ्या, नवे पडदे यांवर मात्र खर्च करू नका, तो वसूल होत नाही.

माझ्या घरची एक गोष्ट सांगते. सासऱ्यांची पद्मिनी गाडी होती. पंचेचाळीस हजार मागितले, अठ्ठावीस आले, ‘माझी गाडी मी फुकट देणार नाही’ म्हणून माडाखाली उभी केली. पहिल्या पावसात बॉनेटवर नारळ पडला, दुसऱ्या पावसात तळाला भोक पडलं, तिसऱ्या वर्षी ती वजनावर गेली. पंचेचाळीस हजार योग्य होते की अठ्ठावीस, यावर आमच्याकडे अजून वाद होतो.

थांबण्याचा खर्च यजमानांना त्यांच्याच भाषेत, म्हणजे वहीत, दाखवा. एक वर्ष थांबलात तर विमा, पीयूसी, बॅटरी, मेकॅनिकची एक चक्कर, आणि गाडी आठव्या वर्षात जाते. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, म्हणजे तुमची २०३३ पर्यंत. आज घेणाऱ्याला आठ वर्षं मिळतात, पुढच्या दसऱ्याला सात. माझ्या अंदाजाने वर्षाला एक लाख तरी जातील. १९ लाख मागत बसण्याचं ते भाडं आहे.

हंगाम तुमच्या बाजूने येतो आहे, ही एक चांगली गोष्ट. पाडव्याला काढलेली कॅम्पर कोण घेणार? पुढे मे महिन्याचं ऊन आणि नंतर पाऊस. चवथ (गणेशचतुर्थी) झाली, दसरा जवळ आला की लोक फिरायचे बेत करतात आणि गाड्याही घेतात. जुनी जाहिरात काढून टाका, नवी त्या सुमारास टाका. महिनाभर नीट फोन आले नाहीत तर पंचवीस हजार उतरवा. दर आठवड्याला पाच-पाच हजार उतरवू नका, बघणाऱ्याला तुमची घायकुती कळते.

एक मोह टाळा. ‘भाड्याने देऊन पैसे वसूल होतील’ असं कोणाला सांगू नका. खाजगी पाटीची गाडी भाड्याने देता येत नाही आणि गोव्यात यावर कारवाया होतात. घेणारा आपल्या जबाबदारीवर परवाना काढेल तर काढो.

व्यवहार ठरला की कागद भराभर उरका. मालकी बदलायला नमुना २९ आणि ३०, कर्ज होतं तर त्याची नोंद उतरवायला नमुना ३५, गिऱ्हाईक राज्याबाहेरचं असेल तर नमुना २८ चं ना-हरकत. बाहेरच्या माणसाला तिकडे पुन्हा नोंदणी आणि कर भरावा लागतो, तो ते भावात धरणारच, रागावू नका. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेऊ नका, आयकर कायद्याने बंदी आहे आणि दंड तेवढ्याच रकमेचा. फास्टॅग बंद करा. नो क्लेम बोनस गाडीबरोबर जात नाही, तो यजमानांचा आहे, तसं पत्र विमा कंपनीकडून घ्या. आणि नाव बदलल्याची खात्री झाल्याशिवाय निर्धास्त होऊ नका. आरसीवर ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याची, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केलं आहे.

राहिले यजमान. तुम्ही लिहिता, ‘हे पैशासाठी अडून बसले आहेत.’ मला तसं वाटत नाही. ज्या माणसाने २७९ रात्री मोजून ठेवल्या, तो पैसे मोजत नव्हता. १९ हा आकडा बहुतेक असा आहे की तो कोणी देणार नाही, आणि तोवर गाडी मांगरात राहील. तुम्ही किंमत कमी करा म्हणता तेव्हा त्यांना ऐकू येतं, ‘आता आपलं फिरणं संपलं.’ त्यामुळे आधी विकायचीच आहे का, हे एकदा किमतीशिवाय विचारा. गुडघ्यांची शस्त्रक्रिया व्हायची असेल आणि त्यांच्या मनात वर्षभराने पुन्हा चाकावर बसायचं असेल, तर ते बोलू द्या. मग त्या वर्षाचा लाखभर रुपये हा तुमच्या घरचा मुद्दाम केलेला खर्च होईल. मला त्यात वावगं वाटत नाही. फक्त तसं ठरलं तर जाहिरात काढून टाका, लोकांना चहा पाजायला बोलावू नका.

विकायचीच ठरली तर वहीचं नवं पान उघडायला सांगा. २३ लाख २० हजारांतून सव्वानऊ वजा, उरले १३ लाख ९५ हजार. भागिले २७९ रात्री. रात्रीला बरोबर पाच हजार, डिझेल वेगळं. स्वस्त नाही, मी काही त्यांना गोड बोलून फसवणार नाही. पण हा भागाकार त्यांनी स्वतःच्या हाताने करावा. बँकेतला माणूस स्वतः काढलेल्या आकड्याशी भांडत नाही.

चवथीला पुण्याहून चिरंजीव येतीलच. माटोळी (गणपतीवरची फळाफुलांची चौकट) बांधताना बापलेकांना एकमेकांच्या हातात सामान द्यावं लागतं, तेवढं बोलणं पुरे. किमतीचं त्या दिवशी काढू नका. विसर्जन झाल्यावर मुलाने दहा जाहिरातींचा कागद वडिलांसमोर ठेवावा आणि गप्प बसावं. बंगळूरच्या मुलाचा नंबर यजमानांच्या फोनमध्ये असेल. तो फोन तुम्ही करा, ‘त्या दिवशी लाइन कट झाली’ म्हणून.